सशांच्या पिल्लांची वाढ: रक्तातून आलेली की आतड्यातल्या सूक्ष्मजीवांमुळे?

मूळ प्रश्न

सर्व जाणकार सदस्यांना नमस्कार. मी मांसासाठी ससे पाळते. माझ्याकडे न्यूझीलंड व्हाइट आणि कॅलिफोर्नियन या दोन जातींच्या माद्या व त्यांचा संकर आहे. सगळ्या पिंजऱ्यांना एकाच पोत्यातले गोळी खाद्य जाते आणि पाणीही एकाच टाकीतून येते. तरीसुद्धा काही वेतांची पिल्ले दहाव्या-अकराव्या आठवड्यात अपेक्षित वजन गाठतात, तर शेजारच्याच पिंजऱ्यातल्या वेताला तेवढ्याच वजनासाठी आणखी दोन-तीन आठवडे लागतात. हा फरक एकाच वेतातल्या भावंडांमध्ये कमी आणि वेतावेतांमध्ये जास्त दिसतो, ही गोष्ट मला विशेष महत्त्वाची वाटते.

आजवर मी या फरकाचे मूळ आई-बापाच्या रक्तात आहे असे धरून चालले आहे आणि पुढच्या पैदाशीसाठी जलद वाढणाऱ्या वेतांतूनच पिल्ले राखते. अलीकडे मात्र सशाच्या आतड्यातले जीवाणू वाढीवर बराच परिणाम करतात, जलद आणि मंद वाढणाऱ्या सशांच्या आतड्यांत जीवाणूंचे प्रमाण वेगवेगळे आढळते, असे वाचनात आले. दोन्ही गोष्टी खऱ्या असतील तर त्यांचा आपसात संबंध काय, हे मला नीट समजून घ्यायचे आहे. जलद वाढणारे ससे निवडत गेल्याने नकळत त्यांचे सूक्ष्मजीवही निवडले जातात का? आणि जलद वाढणाऱ्या वेताच्या लेंड्या मंद वेताच्या पिंजऱ्यात टाकल्या, किंवा बाजारातले प्रोबायोटिक दिले, तर काही साध्य होईल का? शक्य असेल तर कृपया कारणांसह सांगावे.

पहिला प्रतिसाद (पशुप्रजनन शिकवणारे सदस्य)

आनुवंशिकतेची बाजू आधी मांडतो, कारण तिच्याविषयी आपल्या हाती जुनी आणि भक्कम माहिती आहे. आईपासून तोडल्यानंतर पिल्लू दररोज किती ग्रॅम वाढते, या गुणाची आनुवंशिकता सशांमध्ये मध्यम मानली जाते. बहुतेक अंदाज ०.१५ ते ०.३५ या पट्ट्यात येतात. याचा अर्थ असा, की एका कळपातल्या सशांच्या वाढीत जो कमी-अधिकपणा दिसतो, त्यातला साधारण सहावा ते तिसरा हिस्सा पुढच्या पिढीत उतरणाऱ्या जनुकीय फरकांमुळे असतो. तुलनेसाठी सांगायचे तर एका वेतातील पिल्लांची संख्या या गुणाची आनुवंशिकता ०.१ च्या आसपास किंवा त्याहूनही कमी असते. म्हणूनच वाढीसाठी केलेल्या निवडीला यश लवकर येते. स्पेनमधील काल्देस ही वाणरेषा (म्हणजे ठरावीक गुणासाठी पिढ्यानपिढ्या निवडत आणलेला वंश) आणि वालेन्सियाच्या पॉलिटेक्निक विद्यापीठातील आर ही वाणरेषा, या दोन्ही तोडल्यानंतरच्या दैनंदिन वाढीवर निवड करत घडवल्या गेल्या आहेत.

वाढीचा गुण एखाद-दुसऱ्या जनुकावर अवलंबून नसतो. सशाच्या २२ गुणसूत्र-जोड्यांवर विखुरलेल्या असंख्य जनुकांचे लहान लहान परिणाम एकत्र येऊन तो घडतो. ठळक अपवाद बुटक्या सशांचा आहे. त्यांच्यात एचएमजीए-२ या जनुकाच्या भागातील डीएनएच्या सुमारे १२ हजार अक्षरांचा तुकडा गळालेला असतो. अशी एक प्रत मिळाली तर ससा बुटका होतो आणि दोन मिळाल्या तर पिल्लू जगत नाही. मांसाच्या सशांमध्ये वाढीवर एवढा मोठा परिणाम करणारे एकच जनुक शोधत बसण्यात अर्थ नाही. तिथे वजनाच्या नोंदी आणि वंशावळ यांच्यावरच भिस्त ठेवावी लागते.

आता ताईंनी टिपलेल्या गोष्टीकडे येतो. भावंडांमधला फरक कमी आणि वेतावेतांमधला जास्त, हे निरीक्षण अचूक आहे, पण ते केवळ रक्ताची साक्ष देत नाही. सशांच्या अभ्यासात ‘सामाईक वेताचा परिणाम’ वेगळा मोजतात आणि तो पुष्कळदा जनुकीय परिणामाइतका, कधी त्याहून मोठाही निघतो. एका वेताची पिल्ले एकाच गर्भाशयात वाढलेली असतात, एकाच मादीचे दूध प्यालेली असतात, मादी जिथे पिल्ले ठेवते त्या एकाच पेटीतल्या केसांच्या उबेत राहिलेली असतात, आणि वेत चार पिल्लांचे आहे की दहांचे यावर त्यांच्या वाट्याचे दूध ठरलेले असते. त्यामुळे ज्याला आपण जलद वाढणारे वेत म्हणतो, ते कदाचित भरपूर दूध मिळालेले लहान वेत असू शकते. विक्रीच्या वेळच्या वजनात दुधाच्या काळाचा लाभही मिसळलेला असतो. म्हणून निवड करताना त्या वजनाऐवजी तोडल्याच्या दिवसापासून पुढच्या दैनंदिन वाढीवर भर द्यावा, आणि प्रत्येक पिल्लाची तुलना त्याच आठवड्यात जन्मलेल्या इतर पिल्लांशीच करावी.

जाता जाता आणखी एक मुद्दा. जलद वाढीसाठी निवडलेले ससे प्रौढपणी आकारानेही मोठे होतात, आणि मोठ्या मादीला नुसते जगण्यासाठीच जास्त खाद्य लागते. याच कारणाने व्यावसायिक पैदाशीत वाढीचा गुण मुख्यतः नराच्या बाजूने आणतात आणि माद्यांची रेषा पिल्लांच्या संख्येसाठी व दुधासाठी वेगळी राखतात.

दुसरा प्रतिसाद (पशुपोषण विषयातील संशोधक)

वरील विवेचन मला मान्य आहे. सूक्ष्मजीवांची बाजू मात्र थोडी सविस्तर मांडायला हवी, कारण सशाचे पोट इतर पाळीव प्राण्यांपेक्षा बरेच वेगळे आहे आणि तो वेगळेपणा समजला, की ताईंच्या अर्ध्या प्रश्नांची उत्तरे त्यातूनच निघतात.

सशाच्या लहान आणि मोठ्या आतड्याच्या सांध्यावर सीकम नावाची बंद टोकाची मोठी पिशवी असते. पचनमार्गातील एकूण सामग्रीपैकी सुमारे ४० टक्के एकट्या सीकममध्ये असते, आणि तिथल्या एका ग्रॅम सामग्रीत अब्जावधी जीवाणू असतात. मोठ्या आतड्याचा पहिला भाग खाद्याची विभागणी करतो: भरड, काष्ठमय तुकडे पुढे सरकून कोरड्या कठीण लेंड्या बनतात, तर बारीक कण आणि द्रव उलट दिशेने सीकममध्ये ढकलले जातात. तिथे ते आंबतात, आणि दिवसाच्या ठरावीक शांत वेळी ससा सीकममधील हीच सामग्री मऊ लेंड्यांच्या रूपाने बाहेर टाकतो व गुदद्वाराशी तोंड नेऊन, न चावता, थेट गिळतो. बुळबुळीत आवरण असलेल्या, द्राक्षांच्या घडासारख्या या लेंड्या पिंजऱ्याखाली पडलेल्या सहसा दिसत नाहीत. त्या वारंवार पडलेल्या दिसू लागल्या तर ससा आजारी आहे किंवा खाद्याचा तोल बिघडला आहे असे समजावे. सशाला मिळणाऱ्या एकूण नत्रापैकी सुमारे १५ ते २० टक्के नत्र या मऊ लेंड्यांतून येते. त्यात जीवाणूंच्या शरीरातील उत्तम प्रतीची प्रथिने आणि ब गटातील जीवनसत्त्वे असतात. म्हणजे सशाच्या वाढीत सूक्ष्मजीव अक्षरशः खाद्य म्हणूनही सहभागी असतात.

दुसरा सहभाग आंबवण्यातून येतो. तंतुमय भागापासून जीवाणू अॅसिटिक, ब्युटिरिक आणि प्रोपिओनिक आम्ले तयार करतात, आणि सशामध्ये ब्युटिरिकचे प्रमाण प्रोपिओनिकपेक्षा जास्त असते, जे इतर बहुतेक शाकाहारी प्राण्यांत आढळत नाही. ब्युटिरिक आम्ल हे आतड्याच्या अस्तरातील पेशींचे मुख्य इंधन आहे. अस्तर सुस्थितीत असेल तर रोगजंतूंना पाय रोवायला जागा कमी मिळते.

आता वयाचा मुद्दा, आणि माझ्या मते इथेच या चर्चेचा गाभा आहे. पिल्लू जन्मते तेव्हा त्याच्या आतड्यात सूक्ष्मजीव जवळपास नसतातच. मादी दिवसातून बहुधा एकदाच, तेही तीन-चार मिनिटे पाजते, आणि सशाच्या दुधात कॅप्रिलिक व कॅप्रिक ही जीवाणूरोधक मेदाम्ले भरपूर असल्याने पहिल्या आठवड्यांत जठर आणि लहान आतड्यात जीवाणूंची गर्दी होत नाही. सीकममध्ये सुरुवातीला बॅक्टेरॉइड्सच्या कुळातील जीवाणूंचा वरचष्मा असतो. साधारण अठराव्या ते एकविसाव्या दिवशी पिल्लू घन खाद्याला तोंड लावते, आणि तिथून पुढच्या काही आठवड्यांत फर्मिक्युटीस गटातील, तंतूंवर काम करणारी रुमिनोकोकेसी आणि लॅक्नोस्पिरेसी ही कुळे त्यांची जागा घेतात. हे स्थित्यंतर पूर्ण व्हायला सातव्या ते दहाव्या आठवड्यापर्यंत वेळ लागतो. आपण पिल्लू तोडतो ते २८ ते ३५ दिवसांचे असताना, म्हणजे ही घडी बसण्याच्या ऐन मध्यात! दुधाचे संरक्षण संपते, स्टार्च एकदम वाढतो आणि सीकममधील समाज अजून स्थिरावलेला नसतो. पोटफुगी, हगवण आणि मरतूक याच काळात का उसळते, याचे मोठे कारण हे आहे. १९९६-९७ च्या सुमारास फ्रान्समध्ये सशांच्या आतड्याचा एक साथीचा विकार पसरला आणि पुढे युरोपभर गेला. त्याचाही घाला प्रामुख्याने नुकत्याच तोडलेल्या पिल्लांवर होता.

म्हणून वाढीचा विचार करताना नुसते किती ग्रॅम वाढ झाली एवढेच पाहू नये. जे वेत तोडल्यानंतर चार दिवस अर्धवट खात राहिले, त्याची वाढ तिथेच मागे पडते, आणि शेवटच्या वजनात तो मागासलेपणा दिसतो, जरी एकही पिल्लू मेले नसले तरी. खाद्यात कठीण तंतू पुरेसे हवेत. आम्लशोधित तंतूंचे (आम्लात उकळूनही न विरघळणाऱ्या कठीण तंतूंचे) प्रमाण साधारण १६ ते १९ टक्के असावे असे मानले जाते. ते कमी आणि स्टार्च जास्त झाला, तर सीकममधील सामग्री रेंगाळते आणि आंबवण्याची दिशा बिघडते. तोडल्यानंतर सुमारे तीन आठवडे खाद्य पोटभर न देता त्याच्या ७५ ते ८० टक्केच दिले, तर पोटाचे विकार कमी होतात, हे अनेक प्रयोगांत दिसले आहे. तेवढ्या काळात वाढ मंदावते, पण पुन्हा पोटभर मिळू लागल्यावर ससे बरीचशी तूट भरून काढतात आणि खाद्याचा उपयोगही चांगला करतात.

लेंड्यांविषयी ताईंनी विचारले आहे, त्यात एक गोष्ट खरोखर मोलाची आहे. मादी पेटीत पाजायला येते तेव्हा काही कठीण लेंड्या मागे ठेवून जाते आणि लहान पिल्ले त्या कुरतडतात. फ्रान्समधील प्रयोगांत पिल्लांना अशा लेंड्या मिळू दिल्या तेव्हा सीकममधील स्थित्यंतर लवकर झाले आणि तोडल्यानंतरची मरतूक घटली. मात्र हा परिणाम पेटीतल्या पहिल्या दिवसांतला आहे. पाच-सहा आठवड्यांच्या पिल्लांना दुसऱ्या वेताच्या लेंड्या देणे ही निराळी गोष्ट ठरते, कारण तोवर आतड्यातल्या जागा जीवाणूंनी बऱ्याच अंशी भरलेल्या असतात. त्यामुळे पेटी स्वच्छ करताना ओली घाण जरूर काढावी, पण मादीच्या दोन-चार कोरड्या लेंड्या शोधून शोधून फेकू नयेत.

तिसरा प्रतिसाद (पशुवैद्यक)

दुसऱ्या वेताच्या लेंड्या पिंजऱ्यात टाकण्याच्या कल्पनेला माझा स्पष्ट विरोध आहे. लेंड्यांबरोबर कॉक्सिडिया या आतड्यातल्या सूक्ष्म परजीवींची अंडीही जातात. ती बाहेर पडल्यावर हवेत आणि ओलाव्यात दोन-तीन दिवसांनी संसर्गक्षम होतात, त्यामुळे सशाने थेट गिळलेल्या ताज्या मऊ लेंड्यांपासून धोका नसतो, पण गोळा करून ठेवलेल्या लेंड्यांपासून नक्की असतो. कॉक्सिडियाने आतड्याचे अस्तर एकदा सोलवटले, की वाढीचे जे नुकसान होते ते कोणत्याही चांगल्या जीवाणूने भरून निघत नाही.

दुसरी कळकळीची विनंती अशी, की वाढ खुंटली म्हणून स्वतःच्या मनाने तोंडावाटे प्रतिजैविके देऊ नका. अॅम्पिसिलिन, अॅमॉक्सिसिलिन, लिंकोमायसिन आणि क्लिंडामायसिन ही औषधे तोंडावाटे दिल्यास सशाच्या सीकममधील उपयुक्त जीवाणू मारतात, मोकळ्या जागेत क्लॉस्ट्रिडियम स्पायरोफॉर्मे हा घातक जीवाणू वाढतो आणि त्याच्या विषाने ससा एक-दोन दिवसांत दगावू शकतो. प्रोबायोटिकबद्दल सांगायचे तर निष्कर्ष फारसे एकसारखे नाहीत. दह्यातल्या प्रकारचे लॅक्टोबॅसिलस सशाच्या आतड्यात मुळातच विरळ असतात, म्हणून त्यांच्याकडून मोठी अपेक्षा ठेवू नये.

प्रश्नकर्तीचा प्रतिसाद

आपणा सर्वांचे मनापासून आभार. लेंड्या टाकण्याचा विचार मी सोडून दिला आहे, आणि पेटी साफ करण्याविषयीची सूचना लगेच अमलात आणेन. परंतु मूळ कोडे अजून शिल्लक आहे असे वाटते. वेत म्हटले की रक्त, दूध, पेटी आणि सूक्ष्मजीव हे सारे एकत्रच येते, तर मग यातला कोणता परिणाम कशाचा, हे माझ्यासारख्या पाळणाऱ्याने ओळखायचे तरी कसे? आणि संशोधकांनी तरी ते कसे वेगळे केले?

चौथा प्रतिसाद (संख्याशास्त्र आणि पशुजनुकशास्त्रात काम करणाऱ्या सदस्य)

ताई, आपण नेमक्या जागी बोट ठेवले आहे. वेगळे करण्याचा सर्वांत स्वच्छ मार्ग म्हणजे जन्मतःच पिल्लांची अदलाबदल. फ्रान्समध्ये कमी खाद्यात तेवढीच वाढ व्हावी यासाठी दहा पिढ्या निवडलेली एक रेषा आहे. तिची आणि तिच्या मूळ, न निवडलेल्या रेषेची पिल्ले जन्मल्यावर वाटून अर्धी एका प्रकारच्या मादीखाली आणि अर्धी दुसऱ्या प्रकारच्या मादीखाली वाढवली गेली. अशा मांडणीत भावंडांचे रक्त तेच राहते, पण दूध, पेटी आणि मादीच्या लेंड्यांतले सूक्ष्मजीव बदलतात. पाजणारीचा प्रभाव तोडण्याच्या वेळच्या वजनात ठळक असतो, पुढच्या वाढीत आणि खाद्याच्या उपयोगात मात्र पिल्लाच्या स्वतःच्या जनुकांचा वाटा वरचढ ठरतो, असा या प्रकारच्या कामाचा मला समजलेला कल आहे.

सूक्ष्मजीवांच्या बाजूने सर्वांत काळजीपूर्वक झालेल्या कामांपैकी एक कॅटलोनियातील आयआरटीए या संस्थेचे आहे. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात ४२५ सशांच्या सीकममधील जीवाणू तपासून, वंशावळीच्या माहितीत ही माहिती घातल्यावर वाढीचा अंदाज किती सुधारतो हे पाहिले गेले. काही गणिती प्रारूपांत वैयक्तिक वाढीचा अंदाज ४६ टक्क्यांपर्यंत आणि पिंजऱ्यामागील खाद्योपयोगाचा अंदाज २० टक्क्यांपर्यंत सुधारला. हे आकडे मोठे आहेत आणि त्यांचे महत्त्व मी कमी लेखत नाही. पण त्याच अभ्यासातल्या दोन गोष्टी तितक्याच बोलक्या आहेत. सूक्ष्मजीवांचा वाटा प्रारूपात घेतल्यावर आनुवंशिकतेचा अंदाज खाली आला. म्हणजे आधी जनुकांच्या खात्यावर मांडलेला काही फरक आता सूक्ष्मजीवांच्या खात्यावर गेला. शिवाय काही प्रारूपांत सूक्ष्मजीवांचा वाटा मोठा निघाला, तरी अंदाज मुळीच सुधारला नाही. एका पिंजऱ्यातले ससे एकच हवा, एकच खाद्यपात्र आणि एकमेकांच्या लेंड्या वाटून घेत असतात, म्हणून जीवाणूंची यादी पुष्कळदा त्या सशाविषयी जितके सांगते तितकेच त्याच्या पिंजऱ्याविषयी आणि तुकडीविषयीही सांगते.

कारण आणि परिणाम उलटे लागण्याचाही धोका आहे. जो ससा मुळात जास्त खातो, त्याच्या सीकममध्ये जास्त आणि वेगळ्या प्रकारची सामग्री पोहोचते आणि त्यानुसार जीवाणूंचे प्रमाण बदलते. जलद वाढणाऱ्या सशांत अमुक जीवाणू जास्त आढळला, एवढ्यावरून त्या जीवाणूने वाढ घडवली असे सिद्ध होत नाही. त्यातही नेहमीची १६-एस चाचणी (जीवाणूंच्या एका जनुकावरून त्यांची ओळख पटवणारी) जीवाणूंचे सापेक्ष प्रमाण सांगते, एकूण संख्या नाही, आणि कठीण लेंडीतले चित्र सीकममधल्या चित्राशी तंतोतंत जुळत नाही. म्हणून लेंड्या तपासून पैदाशीचा नर निवडण्याचा सल्ला मी आज कोणालाही देणार नाही. निवडीने सूक्ष्मजीवही निवडले जातात का, या आपल्या प्रश्नाचे उत्तर ‘अंशतः’ असे आहे. यजमानाची, म्हणजे सशाची, जनुके आतड्यातील स्राव, अस्तर, प्रतिकारशक्ती आणि भूक ठरवतात, त्यामुळे कोणाला आत थारा मिळेल यावर त्यांचा प्रभाव पडतो. पण वय आणि खाद्य यांचा प्रभाव त्याहून ठळक दिसतो.

आपल्याकडे करता येण्याजोगी चाचणी अशी. एकाच दिवशी व्यायलेल्या दोन माद्या घ्या, एक आपल्या मते जलद वेताची आणि एक मंद वेताची. पहिल्या चोवीस तासांतच प्रत्येक पिल्लाचे जन्मवजन घ्या, कानावर खूण करा, आणि प्रत्येक वेतातली अर्धी पिल्ले दुसरीकडे द्या, मात्र दोन्ही पेट्यांत पिल्लांची संख्या सारखी, शक्यतो आठ, राहील असे पाहा. तोडताना एक वजन आणि दहाव्या आठवड्यात दुसरे वजन घ्या. तोडल्यावर प्रत्येक पिंजऱ्यात चारही गटांची पिल्ले येतील अशी वाटणी करा, नाहीतर पिंजऱ्याचा परिणाम पाजणारीच्या नावावर चढेल. मंद वेताची पिल्ले जलद मादीखाली जाऊन तोडताना जड भरली, पण त्यानंतरची दैनंदिन वाढ त्यांच्या सख्ख्या भावंडांसारखीच राहिली, तर फरक दुधाचा होता. तोडल्यानंतरही ती पाजणारीच्या पिल्लांच्या बरोबरीने वाढत राहिली, तर सुरुवातीच्या काळात पेटीतून मिळालेल्या गोष्टींचा, आणि त्यांत सूक्ष्मजीवांचाही, विचार करावा लागेल. आणि काहीच बदलले नाही, तर आपण जलद वेतांतून पिल्ले राखत आलात ते योग्यच आहे. एक मर्यादा ध्यानात ठेवा: गर्भाशयातील पोषणाचा परिणाम जन्मदात्या मादीबरोबरच राहतो, अदलाबदलीने तो सुटत नाही, म्हणून जन्मवजनाची नोंद टाळू नका. एका जोडीवरून निष्कर्ष काढू नये. अशा अनेक जोड्यांच्या नोंदी जमल्यावर त्या इथे मांडल्यात, तर त्यांचे विश्लेषण करायला मी आनंदाने मदत करेन.

पहिल्या प्रतिसादकर्त्यांची पुरवणी

या मांडणीत नराचे नाव नोंदवायला विसरू नये. दोन्ही माद्या एकाच नराकडून भरलेल्या असतील, तर पिल्लांच्या रक्तातला फरक निम्म्यावर येतो आणि निष्कर्ष फसवा ठरू शकतो.

प्रश्नकर्तीचा प्रतिसाद

माझ्या वहीत आतापर्यंत फक्त मादीचा क्रमांक असतो. पुढच्या विण्यापासून नराचा क्रमांक, जन्मवजन आणि पाजणाऱ्या मादीचा क्रमांक असे तीन नवे रकाने आखत आहे, आणि पिल्ले तोडल्यावर पहिल्या तीन आठवड्यांत खाद्य मोजूनच देणार आहे.